इंजेक्शन रात्री साडेदहालाच का?

वाचकहो, या आठवड्यात एका ताईंच्या पत्राला उत्तर द्यायचे आहे. पत्र कोयनानगरजवळच्या एका गावातून आले आहे. लग्नाला नऊ वर्षे झाली, मूल नाही, कराडला उपचार चालू आहेत आणि आता टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी बीजांडे काढायची आहेत. डॉक्टरांनी त्याआधी घ्यायचे एक इंजेक्शन लिहून दिले आहे आणि कागदावर वेळ घातली आहे, सोमवारी रात्री साडेदहा. बीजांडे काढणार बुधवारी सकाळी साडेदहाला. ताई विचारतात, "सासूबाई म्हणतात, रात्री पावसापाण्याचे कुणाला उठवायचे, पहाटे सहाला नर्सबाई येतात तेव्हा घे. सात-आठ तासांनी काय बिघडते?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर फार मोठ्या गोष्टीत दडलेले आहे. स्त्रीच्या शरीरात बीजांड पक्व कसे होते, त्याला कोण थांबवून ठेवते आणि कोण सोडते, हे एकदा समजले की घड्याळाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून आधी ती हकिगत सांगतो, उत्तर ओघाने येईलच.

जन्माआधीच सुरू झालेले काम

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात बीजांडे तयार होतात. गर्भ पाच महिन्यांचा असताना ती साठ-सत्तर लाख असतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख उरतात आणि पाळी सुरू होण्याच्या वयात तीन-चार लाख. त्यांतली आयुष्यभरात बाहेर पडतात ती जेमतेम चारशे ते पाचशे. बाकीची आपोआप विरून जातात. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू रोज नव्याने तयार होतात, तसे बीजांडांचे नाही. जी पुंजी जन्माला येताना मिळाली तीच.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. बीजांडात मात्र २३ च राहायला हवीत, कारण उरलेली २३ शुक्राणूकडून यायची असतात. त्यासाठी बीजांडाला एक खास विभाजन करावे लागते. त्याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. आश्चर्याची गोष्ट अशी की हे विभाजन मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. थांबते ते वीस, तीस, कधी चाळीस वर्षे. म्हणजे पस्तिसाव्या वर्षी गर्भ राहिला तर ज्या बीजांडातून तो राहिला, त्या बीजांडाने आपले काम पस्तीस वर्षांहून अधिक काळ अडवून धरलेले असते.

अडवून धरलेले, असे मी मुद्दाम म्हणतो. आपण कोयनाकाठचे लोक, आपल्याला हे लवकर समजेल. शिवसागर जलाशय भरलेला असतो तेव्हा पाणी झोपलेले नसते. त्याला खाली जायचेच असते. सहा वक्र दरवाजे त्याला रोखून धरतात. बीजांडाचेही तसेच आहे. ते आळशी नसते, त्याला सतत रोखून धरलेले असते. १९३५ साली अमेरिकेत पिंकस आणि एन्झमन या दोघांनी सशाच्या अंडाशयातून बीजांडे बाहेर काढून नुसती काचेच्या भांड्यात ठेवली. कोणतेही संप्रेरक दिले नाही, तरी ती आपोआप पक्व होऊ लागली. दरवाजा अंडाशयात होता. बीजांड त्यातून सुटले आणि चालू लागले.

शिक्का मारणारी प्रथिने

हा दरवाजा कशाचा बनलेला असतो? इथे आजच्या विषयातला एकमेव अवघड शब्द येतो, प्रोटीन कायनेज. नाव जड असले तरी काम ओळखीचे आहे. कचेरीत एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर केव्हा जाते? तिच्यावर शिक्का बसला म्हणजे. पेशीतही तसेच चालते. कायनेज हा शिक्का मारणारा कारकून. तो दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा लहानसा कण चिकटवतो. शिक्का बसला की ते प्रथिन जागे होते, किंवा कधी कधी उलट गप्प बसते. हा शिक्का पुसणारी प्रथिनेही असतात. माणसाच्या शरीरात अशी पाचशेहून अधिक कायनेज आहेत. एकाने दुसऱ्याला शिक्का मारायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशा साखळीने पेशीच्या बाहेरचा निरोप आत पोहोचतो.

बीजांडात अशी दोन माणसे महत्त्वाची. एक आहे प्रोटीन कायनेज ए. हा पहारेकरी. तो जागा आहे तोवर दरवाजा बंद. दुसरा आहे सीडीके-१. हा कामगार. सायक्लिन नावाच्या जोडीदाराबरोबर तो उभा असतो आणि विभाजनाचे सारे काम त्याच्याच हातून व्हायचे असते. पण पहारेकऱ्याच्या हुकमाने सीडीके-१ वर 'थांबा' असा शिक्का मारलेला असतो. तो पुसला जात नाही तोवर त्याला हात हलवता येत नाही.

बेडकाने सांगितलेले गुपित

हे कळले कसे? बेडकांमुळे. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की रात्रभर डराव डराव चालते. आपल्या कोयनेच्या नावाचाही एक भेक जगाच्या शास्त्रात नोंदलेला आहे. १९६३ साली कोयना परिसरातून त्याची नोंद झाली, आणि आजही त्याच्या शास्त्रीय नावात कोयनायेन्सिस हा शब्द आहे. बेडकाची अंडी मोठी, डोळ्यांना दिसणारी, एका वेळी शेकड्यांनी मिळणारी. त्यामुळे शास्त्रज्ञांना ती सोयीची.

योशिओ मासुई या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत येल विद्यापीठात क्लेमंट मार्कर्ट यांच्याबरोबर काम करताना एक साधा प्रयोग केला. बेडकाच्या अंड्याला प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दिले की ते पक्व होते हे ठाऊक होते. मासुईंनी अशा पक्व अंड्यातला जीवद्रवाचा थेंब बारीक सुईने काढला आणि अपक्व अंड्यात टोचला. त्या अंड्याला संप्रेरक दिलेलेच नव्हते, तरी ते पक्व झाले! म्हणजे पक्व अंड्याच्या आतच असे काही होते, जे दुसऱ्याला जागे करू शकत होते. १९७१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या 'काहीतरी'ला पक्वताकारक घटक असे नाव पडले. तो नेमका काय, हे कळायला पुढे सतरा वर्षे गेली. १९८८ साली तो शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला आणि तो निघाला वर सांगितलेला कामगार, म्हणजे सीडीके-१ आणि सायक्लिन यांची जोडी.

सायक्लिन सापडले तेही अंड्यांतच. इंग्लंडचे टिम हंट यांना १९८२ साली समुद्रातील अर्चिन या प्राण्याच्या अंड्यांत ते दिसले. हीच जोडी यीस्टपासून माणसापर्यंत सर्व पेशींचे विभाजन चालवते, हेही उघड झाले. २००१ सालचे नोबेल पारितोषिक हार्टवेल, हंट आणि नर्स यांना याच संशोधनासाठी मिळाले. कर्करोगाच्या अभ्यासातही या ज्ञानाचा मोठा उपयोग झाला, कारण कर्करोग म्हणजे शेवटी पेशींचे न थांबणारे विभाजनच.

निरोप कसा पोहोचतो

आता स्त्रीच्या शरीराकडे येऊ. दर महिन्याला काही बीजांडे वाढीला लागतात. प्रत्येक बीजांड पाण्याच्या फुग्यासारख्या एका पुटकात असते आणि त्याच्याभोवती सहायक पेशींचे दाट कोंडाळे असते. सोनोग्राफीत डॉक्टर "फुगा अठरा मिलिमीटरचा झाला" म्हणतात तो हा पुटकाचा आकार. खुद्द बीजांड एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे असते. तरीही ती माणसाच्या शरीरातली सर्वांत मोठी पेशी.

भोवतालच्या पेशी बारीक नळ्यांवाटे बीजांडात सायक्लिक जीएमपी नावाचे एक द्रव्य सतत सोडत असतात. या द्रव्यामुळे बीजांडातले सायक्लिक एएमपी हे दुसरे द्रव्य टिकून राहते, आणि त्याच्या जोरावर पहारेकरी, म्हणजे प्रोटीन कायनेज ए, जागा राहतो. दरवाजा बंद आहे तो असा. बीजांडाला रोखणारा निरोप शेजाऱ्यांकडून अखंड येत असतो. २००९ आणि २०१० साली उंदरांवर झालेल्या संशोधनातून ही साखळी स्पष्ट झाली.

पाळीच्या साधारण मध्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाची मोठी लाट येते. लक्षात घ्या, ही लाट बीजांडाशी थेट बोलत नाही. ती पुटकाच्या बाहेरील पेशींना सांगते. त्या पेशी आपल्या आतील कायनेजच्या साखळीने निरोप पुढे ढकलतात आणि नळ्या बंद होतात. सायक्लिक जीएमपीचा पुरवठा तुटतो. सायक्लिक एएमपी उतरते. पहारेकरी झोपतो. सीडीके-१ वरचा 'थांबा' शिक्का पुसला जातो. कामगार उठतो, केंद्रकाभोवतीचे आवरण विरघळवतो, गुणसूत्रे रांगेत लावतो आणि त्यांतली निम्मी एका चिमुकल्या पेशीत टाकून बाहेर ढकलतो. पहिले विभाजन पुरे झाले.

मग बीजांड पुन्हा थांबते! या वेळी रोखतात मॉस नावाचे कायनेज आणि त्याच्या हाताखालची साखळी. शुक्राणू येईपर्यंत पुढे जायचे नाही, असा हुकूम असतो. शुक्राणू आपल्याबरोबर एक प्रथिन आणतो. त्याने बीजांडात कॅल्शियमच्या लाटा उठतात, कॅल्शियमवर चालणारे आणखी एक कायनेज जागे होते आणि दुसरा अडसर निघतो. तेव्हा कुठे गर्भाची सुरुवात होते. दुसऱ्या थांब्यावर उभे असलेले बीजांडच फलनाला लायक असते. त्यालाच पक्व बीजांड म्हणायचे.

एलएचची लाट सुरू झाल्यापासून बीजांड या थांब्यावर पोहोचायला आणि पुटक फुटायला माणसात सुमारे ३६ तास लागतात. इंग्लंडचे रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६५ साली मानवी बीजांडे काचेच्या भांड्यात ठेवून हे पाहिले. उंदराच्या बीजांडाला लागतो त्याहून कितीतरी अधिक वेळ, जवळजवळ दीड दिवस, माणसाच्या बीजांडाला लागत होता. हा आकडा हाती आला म्हणून पुढचे सारे शक्य झाले. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्या वेळी बीजांड केव्हा काढायचे हे ठरवण्यासाठी आईच्या लघवीतले एलएच पुन्हा पुन्हा मोजून लाट केव्हा उठते यावर डोळा ठेवला होता. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल मिळाले. त्याच १९७८ साली, ३ ऑक्टोबर रोजी, कलकत्त्याला डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून भारतातले पहिले बाळ जन्मले, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ साली त्यांनी जीवन संपवले. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी बाळ जन्मले आणि त्याची रीतसर शास्त्रीय नोंद झाली. कलकत्त्याचे काम खरे होते, हे पुढे १९९७ साली जाहीरपणे सांगितले ते याच आनंदकुमारांनी. असा मोठेपणा विरळा.

आता त्या ताईंचे उत्तर

ताई, तुम्हाला दिलेले इंजेक्शन हीच एलएचची लाट आहे. बहुधा ते एचसीजीचे असेल, म्हणजे एलएचचेच काम करणारे संप्रेरक. ते टोचले त्या क्षणी घड्याळ सुरू झाले. सोमवारी रात्री साडेदहाला घेतले तर बुधवारी सकाळी साडेदहाला बरोबर ३६ तास होतात. मंगळवारी पहाटे सहाला घेतले तर साडेअठ्ठावीस तासच होतील. तेव्हा अनेक बीजांडे पहिल्या विभाजनातच अडकलेली सापडतील आणि ती फलनाला उपयोगी पडणार नाहीत. उलट सोमवारी सकाळी साडेदहाला घेतले तर ४८ तास होतील आणि पुटके आधीच फुटून बीजांडे निसटलेली असतील. डॉक्टर सुई घालतील आणि हाती काही लागणार नाही. महिनाभराची इंजेक्शने, कर्ज काढून भरलेले पैसे आणि तुमचे मन, सारेच त्यात वाहून जाईल. तेव्हा सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की या एका रात्री नर्सबाईंना उठवणे गैर नाही.

अशा उपचारातल्या सर्वच जोडप्यांसाठी काही सूचना:

१. इंजेक्शनची तारीख, वार आणि वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्या. 'रात्री बारा' असे असेल तर कोणत्या दिवसाची रात्र, हे विचारूनच घरी या.

२. यांतली बरीच इंजेक्शने २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असतात. फ्रीजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. प्रवासात थर्मासमध्ये बर्फ घाला, पण कुपी बर्फाला चिकटू देऊ नका, ती गोठता कामा नये. घरी वीज जात असेल तर इंजेक्शन औषधाच्या दुकानातच ठेवायला सांगा.

३. टोचणार कोण हे दोन दिवस आधी ठरवा आणि त्यांना पुन्हा आठवण द्या. पोटाच्या कातडीखाली घ्यायचे इंजेक्शन पतीलाही शिकता येते. दवाखान्यातून शिकून या.

४. उशीर झाला, कुपी फुटली, अर्धे औषध सांडले, तर लपवू नका. लगेच फोन करा. डॉक्टर बीजांडे काढायची वेळ पुढे सरकवू शकतात. स्वतःच्या मनाने दुसरे इंजेक्शन मात्र घेऊ नका.

५. पावसाळ्यात दरड पडली, रस्त्यावर पाणी आले, तर इथून कराड गाठणे अवघड होते. शक्य असेल तर आदल्या रात्रीच शहरात मुक्कामाला जा.

६. इंजेक्शनानंतर पोट फार फुगले, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा उलट्या थांबेनात, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. अंडाशये प्रमाणाबाहेर उत्तेजित झाल्याची ती खूण असू शकते.

दोष कुणाचा?

एवढे सगळे करूनही काही वेळा बीजांडे पक्व होत नाहीत किंवा फलन होत नाही. मग घरात कुजबुज सुरू होते, बाईला नावे ठेवली जातात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काही थोड्या स्त्रियांत या साखळीतलाच एखादा दुवा जन्मतः सदोष असतो. २०१६ साली ट्युब-बी-८ या जनुकातला दोष सापडला. त्याने बीजांड पहिल्याच विभाजनात अडते. २०१८ साली वी-२ नावाच्या कायनेजमधला दोष सापडला. त्यात बीजांड दिसायला पक्व असते, पण शुक्राणू आत गेला तरी पुढे जात नाही. वी-२ चा दोष आई आणि वडील या दोघांकडून आला तरच प्रकट होतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्ने होतात त्या घराण्यांत त्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आपल्याकडे आहे, हे ध्यानात ठेवावे. हा कुणाचा अपराध नाही. उपासाने, नवसाने किंवा बाहेरची बाधा उतरवून तो बरा होत नाही. बीजांडे वारंवार अपक्व निघत असतील तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

वय हे मात्र सर्वांनाच लागू आहे. गुणसूत्रांना एकत्र बांधून ठेवणारी प्रथिने इतकी वर्षे थांबल्याने झिजतात आणि वाटणी चुकते. म्हणूनच डाऊन्स सिंड्रोमचे मूल होण्याची शक्यता आईच्या तिसाव्या वर्षी सुमारे ९०० त एक, पस्तिसाव्या वर्षी सुमारे ३५० त एक आणि चाळिसाव्या वर्षी सुमारे १०० त एक अशी वाढत जाते. सुरुवातीच्या महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांचीच चूक असते. हंडा उचलला म्हणून किंवा कुणाची नजर लागली म्हणून ते झालेले नसतात. तेव्हा गर्भपात झालेल्या सुनेला बोल लावू नका.

वयाचे हे घड्याळ मागे फिरवणारे चूर्ण वा काढा नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. तंबाखू मात्र ते पुढे ढकलते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी लवकर जाते, हे सिद्ध आहे. मिश्रीतही तंबाखूच असते आणि निकोटिन रक्तात जातेच. मूल हवे असेल तर मिश्रीचा डबा आधी घराबाहेर काढा.

वर्षभर एकत्र राहून गर्भ राहिला नाही, किंवा पत्नीचे वय ३५ च्या पुढे असून सहा महिने झाले, तर तपासणीला जा. जाताना दोघे जा. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही कमतरता असते, आणि वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी व स्वस्त तपासणी आहे. पत्नीची दुर्बीण झाली, औषधे झाली, पण पतीची साधी तपासणी झालेली नाही, अशी जोडपी मला दरवर्षी भेटतात. उपचाराचे केंद्र २०२१ च्या कायद्याखाली नोंदलेले आहे ना, हेही विचारा. आणि मुलगा की मुलगी हे पाहून किंवा निवडून देण्याची भाषा कुणी केली तर तिथून उठून या. तो १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

ताई, सोमवारी रात्री दहालाच घड्याळाचा गजर लावा. बुधवारसाठी शुभेच्छा.

(पुढील आठवड्यात: वीर्यतपासणी, अहवाल कसा वाचावा)